मुक्ताला, निखिलरावांच्या नोकरीबद्दल

चि. सौ. मुक्तास अनेक आशीर्वाद.

निखिलरावांची नोकरी जात असल्याचं कळल्यापासून तुम्हा दोघांचाच विचार मनात आहे. फोनवर बोललेलं अर्धं विसरतं, म्हणून लिहून पाठवते.

आधी मेडिक्लेम बघा. कंपनीची ग्रुप पॉलिसी साधारणपणे कामाच्या शेवटच्या दिवशी संपते. सासूबाईंना शुगर आहे, तेव्हा तो दिवस यायच्या आत त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदली मागा. मध्ये खंड पडला आणि नवी पॉलिसी घेतली, तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतात.

ग्रॅच्युइटी, म्हणजे इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल कंपनी देते ती रक्कम, त्यांच्या हक्काची आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला 15 ने गुणायचं, 26 ने भागायचं, मग नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. सात वर्षं सात महिने झाले असतील तर आठ वर्षं धरतात. बेरीज 40,000 असेल तर 1,84,615 रुपये होतात. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी मागितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही.

पीएफ मात्र काढू नका. नोकरी नसली तरी त्यावर व्याज मिळत राहतं. शिवाय पीएफसोबतच्या पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. पेन्शनचे पैसे काढून घेतले की मागची वर्षं मोजणीतून जातात. नोकरी सोडल्याची तारीख पीएफच्या पोर्टलवर चढली आहे ना, तेवढं तपासा. ती राहिली की पुढे खातं बदलताना अडतं.

मग एका कागदावर महिन्याला चुकणार नाही असा खर्च लिहा: घराचा हप्ता, शाळेची फी, किराणा, वीज, विम्याचे हप्ते. हातात सहा लाख असतील आणि खर्च 75,000 असेल तर आठ महिने निघतात. हा आकडा निखिलरावांच्या समोर असू दे. तो माहीत नसला की माणूस घाबरून हाती येईल ती नोकरी धरतो आणि चार महिन्यांत पुन्हा तिथेच येतो. हप्ता चुकेलसं वाटलं तर चेक परत जायच्या आधी बँकेत जा. हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की बँक ते कर्ज थकीत (एनपीए) म्हणून धरते, मग बँकेशी बोलणं अवघड होतं.

आता तुझ्याबद्दल. संध्याकाळी चप्पल काढता काढता "काही कळलं का?" असं विचारू नकोस. दिवसभर मेल आलेला नसतो, आणि तो आला नाही हे त्यांना तुझ्यासमोर पुन्हा म्हणावं लागतं. रविवारी सकाळी अर्धा तास ठरवा. अर्ज, मुलाखती, पैसे, सगळं तेव्हाच. इतर दिवशी चहा घ्या, मुलाचा अभ्यास घ्या. "आता घरीच आहात तर" म्हणून बँक, दळण, गॅस असं सगळं त्यांच्यावर टाकू नकोस. वाटून घ्या, पण सकाळचे तीन तास अर्जांसाठी मोकळे ठेवा. नातेवाइकांना काय सांगायचं ते त्यांनाच ठरवू दे, आणि तूही तेवढंच सांग.

दोन आठवडे झोप लागत नाही, जेवण जात नाही, सारखं "माझा काही उपयोग नाही" असं बोलणं होत असेल तर वाट बघू नका. टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. डॉक्टरांकडेही जा.

ग्रॅच्युइटीच्या अर्जाची पोच मिळाली की फोटो पाठव.

तुझी,
आई