नुरेंबर्गहून आई-बाबांना

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार. मी एकदम मजेत आहे, जेवते वेळेवर, वजनही उतरलं नाहीये, तेव्हा आई तू परत तेच विचारू नकोस. थंडीचंही काही नाही, घरात हीटर असतो. फक्त एक प्रकार अजून पचत नाही, बाहेर बर्फ असला तरी सकाळ-संध्याकाळ खिडक्या सताड उघडायच्या, नुसती फट ठेवून चालत नाही, आणि त्याआधी हीटर बंद करायचा, पाच-दहा मिनिटं कुडकुडायचं मग सगळं लावून घ्यायचं, नाहीतर भिंतीला ओल येऊन बुरशी धरते म्हणतात, माझ्या भाडेकरारातसुद्धा तसं लिहिलंय!

बाबा, मशीनपाशी धोका आहे का विचारत होतात. नाही हो, मी मशीनला हातही लावत नाही. तुमच्या कारखान्यातल्या रिले पॅनलचं ड्रॉइंग आठवा, दोन उभ्या लाइनी आणि मधे कॉन्टॅक्ट, कॉइल, पीएलसीचं, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, लॅडर नावाचं चित्रासारखं प्रोग्रॅमिंग त्यावरूनच आलं. त्याच्या जोडीला स्ट्रक्चर्ड टेक्स्ट म्हणून लिहायची भाषा आहे, दोन्ही आयईसी ६११३१-३ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमधे, पहिली आवृत्ती १९९३ची. त्या भाषेचं ग्रामर, म्हणजे कुठलं वाक्य चालेल कुठलं नाही, ते कॉम्प्युटरला कळेल असं मांडायचं हे माझं काम. समजा 'प्रेशर वाढलं तर, पंप चालू असला तर व्हॉल्व्ह उघड, नाहीतर अलार्म दे', आता हे 'नाहीतर' प्रेशरचं की पंपाचं? सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ते जवळच्या इफला, म्हणजे जवळच्या 'तर'ला, जाऊन चिकटतं, लिहिणाऱ्याच्या मनात काहीही असो. स्ट्रक्चर्ड टेक्स्टमधे प्रत्येक इफ एंड-इफने बंद करावाच लागतो, शंकेला जागाच नाही. चुकीच्या वेळी अलार्म गप्प राहिला तर काय होतं ते तुम्हाला मी काय सांगू, म्हणून मला हे काम फार मोलाचं वाटतं. सगळं काही ग्रामरने सुटत नाही पण, 'मोड := ऑटो' यातलं ऑटो हे व्हेरिएबल, म्हणजे बदलतं मूल्य ठेवायचं नाव, आहे की ठरवून दिलेल्या यादीतलं मूल्य हे नुसतं वाक्य बघून कळत नाही, वर काय घोषित केलंय ते लक्षात ठेवावं लागतं, त्यातच रात्र होते आणि तुमचा फोन राहून जातो. मुद्दाम टाळत नाही गं आई.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे पैसे टाकलेत, बाबा ते एफडीत ठेवू नका, पावसाआधी काम करून घ्या. तुमच्या मोतीबिंदूच्या वेळी नव्हते आणि आता दादाच्या साखरपुड्यालाही जमत नाहीये, लग्नाचं तिकीट मात्र काढलंय, नक्की. मावशीने सांगितलेल्या मुलाशी मी बोलेन, पण माझं बोलणं होईपर्यंत पत्रिका देऊ नका. वहिनीच्या साडीचे पैसे वेगळे पाठवलेत, आई तूच निवड, पैठणीच घे.

तुमची,
ताई