सक्शन गर्भपातात भूल नीट द्या
महोदय,

पहिल्या तीन महिन्यांत सक्शनने गर्भपिशवी रिकामी करायला पाच-दहा मिनिटे लागतात. तेवढ्यासाठी भूल कशाला, असे म्हणून बाईला दातओठ आवळून पडून राहायला लावणे आम्हाला मान्य नाही. सगळ्यांना सरसकट पूर्ण भूल देणेही नको. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ची मार्गदर्शिका त्याविरुद्ध आहे. पूर्ण भुलीच्या काही वायूंनी गर्भपिशवी सैल पडून रक्तस्राव वाढतो, आणि झोपलेली बाई वेगळेच काही दुखू लागले तर सांगू शकत नाही.

दुखणे दोन जागी असते. पिशवीचे तोंड रुंदावताना एक, आणि रिकामी होत आलेली पिशवी आवळते तेव्हा दुसरे. पिशवीच्या तोंडाशी दिलेल्या बधिर करणाऱ्या इंजेक्शनने तिच्या वरच्या भागाच्या कळा पुरत्या थांबत नाहीत. म्हणून साधारण पाऊण तास आधी ४०० ते ८०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन हवे (अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा या औषधाची ॲलर्जी असेल तर नको). नुसत्या पॅरासिटामॉलने भागत नाही. टेबलावर घेतल्यावर दिलेली गोळी तर वायाच, कारण ती चढेपर्यंत काम संपलेले असते.

इंजेक्शन म्हणजे लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचे १ टक्क्याचे द्रावण, जास्तीत जास्त २० मिली. पिशवीचे तोंड चिमट्याने जिथे धरायचे तिथे आधी २ मिली. उरलेले, तोंड आणि योनी जिथे जुळतात तिथे, घड्याळातल्या २, ४, ८ आणि १० च्या जागी, सुमारे ३ सेंटिमीटर खोल, सावकाश. प्रत्येक वेळी सुई मागे ओढून रक्त येत नाही ना, हे पाहावे. मग तीन मिनिटे थांबावे. भूल 'लागली नाही' असे म्हणतात तेव्हा बहुधा सुई वरवर टोचलेली असते, किंवा ही तीन मिनिटे दिलेली नसतात.

बाटलीवरचा टक्का वाचलाच पाहिजे. २ टक्क्यांची असेल तर मिली निम्मे. किलोमागे साडेचार मिलिग्रॅम ही मर्यादा, म्हणजे ४० किलोच्या बाईला १ टक्क्याचे १८ मिलीच. ओठांभोवती मुंग्या, कानात गुंजन, तोंडात धातूची चव जाणवली तर तिथेच थांबावे. पुढे झटके येऊ शकतात.

भीती फार असेल तर शिरेतून गुंगीचे औषध जोडता येते. मात्र ऑक्सिजन, पल्स ऑक्सिमीटर आणि श्वासावर लक्ष ठेवणारा वेगळा माणूस हवा.

सुरुवातीलाच 'दुखले तर सांगा, मी थांबेन' असे म्हणावे, आणि तिने सांगितल्यावर खरेच थांबावे.

– स्त्रीरोग व भूलशास्त्रातील डॉक्टर