डॉक्टरांना नुसतं ‘दुखतंय’ सांगून भागत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

३० मेच्या जागतिक एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) दिनानिमित्त तुमच्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. चांगला होता, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवर मायलिनचं आवरण असतं, या आजारात ते आपलीच प्रतिकारशक्ती कुरतडते वगैरे सगळं नीट समजावलंय. पण लक्षणांमध्ये ‘स्नायूंचा ताठरपणा व वेदना’ अशी अर्धी ओळ टाकून लेखक पुढे गेले आणि मी तिथंच अडकले, कारण ती अर्धी ओळ डॉक्टरांच्या डोक्यात शिरवायला माझी अडीच वर्षं गेली.

मी साताऱ्याजवळ राहते, वय ४३, मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान होऊन नऊ वर्षं झाली. दर तीन महिन्यांनी पुण्याला दाखवायला जायचं, पहाटेची एसटी, मग नंबर लावून चार तास बसायचं आणि आत गेल्यावर पाच मिनिटं. डॉक्टर विचारणार ‘काय त्रास?’, मी म्हणणार ‘पाय दुखतात’. झालं. केसपेपरवर इंग्रजीत दोन शब्द आणि खाली पेनकिलर, कॅल्शियम, डी व्हिटॅमिन. आता खरं सांगायचं तर ‘पाय दुखतात’ हे आपल्याकडं चाळिशीच्या पुढची प्रत्येक बाई म्हणते, त्यामुळं डॉक्टरांना तरी दोष किती द्यायचा, त्यात समोर शिकाऊ डॉक्टर हिंदी बोलणारा असला की मी ‘पैर में दर्द है’ म्हणून मोकळी. ‘ओढ लागते’ला हिंदीत काय म्हणायचं मला आजही येत नाही.

घरी मात्र माझी तोंडाची टकळी चालू असायची. सासूबाईंना बरोब्बर सांगायचे, आज पोटरीत गोळा आला, आज तळव्याची आग होतेय, आज मांडी आतून पिळून निघतेय, आज चादरीचा स्पर्श सहन होत नाही नुसतं हुळहुळतंय. त्या निर्गुडीचं तेल लावून द्यायच्या आणि म्हणायच्या वात आलाय. म्हणजे शब्द होते माझ्याकडं, फक्त दवाखान्याच्या पायरीवर चपलांबरोबर काढून ठेवायचे.

हे पहिल्यांदा लक्षात आणून दिलं एका फिजिओथेरपिस्ट मुलीनं. तिनं विचारलं, ‘ताई, दुखतं म्हणजे काय होतं? पेन हा शब्द सोडून सांगा.’ मी जे वर लिहिलंय ते सगळं सांगितलं तर ती लिहूनच घ्यायला लागली. तिनंच सांगितलं की रोनाल्ड मेलझॅक नावाच्या कॅनडातल्या शास्त्रज्ञानं १९७५ साली वेदनेच्या ७८ शब्दांची एक प्रश्नावली छापली होती, कारण दुखणं कसं आहे यावरून ते कुठून येतंय याचा अंदाज लागतो. मला हसू आलं, म्हटलं आमच्या सासूबाईंना बसवा, कळ, चमक, सणक, ठणका, ठुसठुस, भगभग, उसण, पेटका, एका दमात वीस तरी सांगतील.

आता यात नुसती भाषेची हौस नाहीये हो, औषध बदलतं यानं. माझं ‘दुखणं’ हे खरं तर तीन वेगळी दुखणी होती. आग, चटके, मुंग्या, हुळहुळणं हे नसेतूनच येतं, त्याला साध्या पेनकिलरचा सहसा उपयोग होत नाही, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन अशी वेगळी औषधं देतात. पाय ताठणं, गोळे येणं याला स्पॅस्टिसिटी म्हणतात, तिथं बॅक्लोफेन किंवा टिझानिडीन आणि रोजचं स्ट्रेचिंग. आणि तिसरं म्हणजे वाकडंतिकडं चालून चालून कंबर आणि खुबा भरून येतो ते, ते तुमच्याआमच्यासारखंच दुखणं, चाल सुधारली की कमी होतं. अडीच वर्षं मी तिन्हीला मिळून एकच गोळी खात होते आणि म्हणत होते काही फरकच पडत नाही.

ताठरपणाचंच बघा. ‘पाय आखडतो’ म्हटलं तर संधिवातवाल्याचा पण आखडतो. माझा कसा, तर हळूहळू वाकवला की वाकतो आणि कुणी झटक्यानं वाकवायला गेलं की मध्येच अडकतो, अगदी गाडीच्या सीटबेल्टसारखा, सावकाश ओढला तर येतो, हिसका दिला की लॉक. हे सांगितल्यावर डॉक्टर पहिल्यांदा खुर्चीतून उठले आणि त्यांनी स्वतः गुडघा वाकवून बघितला. दुसरं, रिक्षात टाच टेकत नाही आणि नुसता चवडा टेकतो तेव्हा पाय आपोआप थडथडायला लागतो, शिलाई मशीनच्या पायट्यासारखा, थांबवता थांबत नाही, त्याला क्लोनस म्हणतात. शेजारी बसलेल्या बाईला वाटायचं मला घाबरून कापरं भरलंय. आणि रात्री दोन-तीनच्या सुमाराला दोन्ही पाय मुसळासारखे सरळ होतात, अंगठे ताणले जातात, मिस्टरांनी उठून तळवे दाबून धरले तर सुटतं. आता दिवसा अकरा वाजता दवाखान्याच्या टेबलावर माझे पाय शहाण्या मुलासारखे गप पडून असतात, तर डॉक्टरांना दिसणार काय? शेवटी मिस्टरांनी रात्रीचा मोबाईलवर व्हिडिओ काढला, वीस सेकंदांचा. अडीच वर्षांत जे बोलून जमलं नाही ते वीस सेकंदांत झालं. त्याच भेटीत बॅक्लोफेन सुरू झालं.

एक छातीचं पण सांगते. बरगड्यांभोवती कुणीतरी परकराची नाडी करकचून बांधल्यासारखं व्हायचं, श्वास पुरा घेता यायचा नाही. मी घाबरून ‘छातीत दुखतंय’ म्हटलं, ईसीजी झाला, नॉर्मल आला, गॅसेसची गोळी मिळाली. ईसीजी केला ते बरोबरच केलं, छातीत नवीन काही व्हायला लागलं तर आधी हृदयच तपासून घ्यावं, एमएस आहे म्हणून घरी बसू नये. पण पुढच्या खेपेला ‘गोल पट्टा आवळल्यासारखं’ म्हणून बोटानं मागून पुढं फिरवून दाखवलं तेव्हा कळलं की याला एमएस हग म्हणतात. मिठी! नाव ठेवणाऱ्याला एकदा अशी मिठी मारायला पाहिजे. तसंच मान खाली घालून भाजी निवडायला बसलं की मणक्यातून करंट खाली जायचा, मला वाटायचं मानेची शीर दबलीय. त्याला लर्मिटचं लक्षण म्हणतात, त्या फ्रेंच डॉक्टरनं १९२४ सालीच ते तपशिलात लिहून ठेवलंय.

आता जे बोलायला लाज वाटते ते. मागच्या श्रावणात पाय अचानक इतके ताठले की बेडवरून उतरता येईना, सगळ्यांना वाटलं आजार वाढला, एमएसचा अटॅक आला. निघालं काय, तर लघवीचं इन्फेक्शन. लघवी तुंबली, जंतुसंसर्ग झाला, पोट साफ नसलं, अगदी पायाला जखम झाली किंवा कपडा घट्ट झाला तरी ताठरपणा वाढू शकतो. पण मी दवाखान्यात दिरांबरोबर गेलेले, त्यांच्यादेखत लघवीचं कसं सांगणार? सांगितलं नाही, चार दिवस उगाच गेले. तेव्हापासून आत जाताना जाऊबाईंनाच बरोबर नेते, आणि डॉक्टर लोकांनी पण दोन मिनिटं नातेवाइकांना बाहेर थांबवावं की, काय बिघडतं?

आणखी एक चूक माझीच. बॅक्लोफेननं पाय सैल झाले, डॉक्टरांनी विचारलं ताठरपणा कमी झाला ना, मी हो म्हटलं, डोस वाढवला, आणि आठवड्यात मी बाथरूममध्ये पडले. कारण माझे पाय मुळात कमजोर, त्या ताठरपणाच्याच जोरावर मी उभी राहत होते, तोच काढून घेतल्यावर पाय लेचेपेचे. हे मला सांगायला पाहिजे होतं की ताठरपणाचा त्रास रात्री होतो आणि दिवसा मला तो थोडा लागतो. आता दिवसाचा डोस कमी आणि झोपतानाचा जास्त असं बसवून दिलंय. (ही गोळी एकदम बंद करायची नसते, भास होणं, फिट येणं असलं काही होऊ शकतं, गावाला जाताना पाकीट मोजून न्यावं, मी भाच्याच्या लग्नात विसरले होते आणि दुसऱ्या दिवशीच पायांनी असा इंगा दाखवला की अक्षता बाजूलाच राहिल्या, मिस्टर रात्री तालुक्याला जाऊन गोळ्या घेऊन आले.)

आणि ते ‘दहापैकी किती दुखतं’? बाळंतपणाच्या कळा दहा धरल्या तर बाकी आयुष्यात सगळं चारच येतं, मी कायम चारच सांगायचे. त्यापेक्षा हे विचारा की दुखण्यामुळं काय करायचं राहिलं. पोळ्या लाटायला उभी राहते का, किती वेळा झोपमोड होते, पायरी चढताना कुठला पाय अडतो. याची उत्तरं कुठलीही बाई खडाखडा देईल.

तर विनंती दोन. एक डॉक्टरांना, केसपेपरवर पेशंटचा शब्द आहे तसा मराठीत लिहा, ‘आग’ला आग आणि ‘ओढ’ला ओढ, पुढच्या वेळी दुसरा डॉक्टर असला तरी त्याला कळेल. दुसरी तुम्हाला, पुरवणीत एकदा वाचकांकडून असे शब्द मागवून छापा, कोकणात, विदर्भात, मराठवाड्यात अशा दुखण्यांना काय काय म्हणतात ते. एमएसचे पेशंट इथं तिथं विखुरलेले असतात, आमच्या तालुक्यात मला अजून दुसरं कुणी भेटलेलं नाही.

माझी पुढची तारीख जुलैत आहे, डॉक्टरांना काय काय सांगायचं त्याचा कागद लिहून तयार आहे, एकच जागा कोरी आहे. डावा पाय घोट्यापर्यंत कोरडा असूनही ओला लागतो, ओलं फडकं गुंडाळल्यासारखा, मी दहादा हात लावून बघते. याला सासूबाईंकडं पण शब्द नाही. कुणाला माहीत असेल तर जुलैच्या आत कळवावं.

आपली,
एक वाचक, जि. सातारा