हिरव्या ठिपक्याखालचा जवळा

मा. संपादक, स.न.वि.वि.

गेल्या शनिवारी आमची चौघींची भिशी शहरातल्या एका नव्या थाई हॉटेलात झाली. एरवी भिशी म्हणजे कुणाच्या तरी घरी बटाटेवडे नाहीतर मिसळ. या खेपेला जिची भिशी लागली तिनेच ही टूम काढली. 'थाई म्हणजे आपल्या थिबा राजाचं ना गं?' असं रिक्षात एकीने विचारलंही. थिबा ब्रह्मदेशचा, 1886 साली इंग्रजांनी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. पण आम्हाला तिकडचं सगळं थिबाचंच वाटतं, त्याला इलाज नाही.

जेवण झकास होतं. त्यांच्या रीतीप्रमाणे वाडगे मधोमध ठेवून चौघींनी वाटून घेतले. त्या लाकडी काड्या मागितल्या, तर वेटर म्हणाला की थाई लोक भात चमच्यानेच खातात, काटा नुसता घास चमच्यावर ढकलायला. बरं वाटलं. सुपात गवती चहाच्या काड्या होत्या. माझ्या मोरीमागे त्याचं रान माजलंय.

मग हिरवी करी आली. मेनूकार्डावर तिच्यापुढे हिरवा ठिपका होता, म्हणून टिळक आळीतल्या मैत्रिणीसाठी मुद्दाम मागवलेली. ती अंडंही खात नाही. वाडगा जवळ आला आणि मला शंका आली. माझं माहेर हर्णैचं. वाळत घातलेल्या जवळ्याचा वास नारळाच्या दुधाखाली दडवला तरी मला कळतो. तोवर तिचे दोन घास पोटात गेलेले आणि वर 'मस्त लागतंय गं!'

वेटरला विचारलं. 'मावशी, भाज्याच आहेत. वाटण तयार येतं.' म्हटलं, बरणी आण. बिचाऱ्याने आणली. डोळ्याशी धरून वाचली: मिरची, लसूण, गवती चहा आणि कोळंबीची पेस्ट. बाजूला चौकोनात तपकिरी त्रिकोणही छापलेला. बरणीवर खरं होतं ते कार्डावर येईपर्यंत हिरवं झालं.

थाई स्वयंपाकात हे असायचंच. त्यांचं 'कापी' म्हणजे मीठ घालून आंबवलेला आपल्या जवळ्यासारखाच बारीक जीव, आणि 'नाम प्ला' म्हणजे मांदेलीच्या जातकुळीतली मासळी खारवून गाळलेलं पाणी. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तिचा उरलेला वाडगाही मीच संपवला. पण नूडल्सवरचं शेंगदाण्याचं कूट निदान डोळ्यांना दिसतं, मासळीचं पाणी दिसत नाही. जवळा न घालता वाटण घरचं करता येतं. ते जमत नसेल तर ठिपका तरी खोडा. गल्ल्यावर मालकांना हे सांगितलं, तर म्हणाले, 'इतकं कोण बघतं, ताई?'

परतताना रिक्षात मैत्रीण गप्पच होती. तिच्या घराशी उतरताना एवढंच म्हणाली, 'सासूबाईंच्या कानावर जाऊ देऊ नकोस.' त्यांच्याकडे आपलाच पेपर येतो, तेव्हा माझं नाव कृपया छापू नये.

— एक भिशीकरीण, रत्नागिरी