नोबेल हुकले, एवढेच का सांगायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महिला वैज्ञानिकांवर लेख आला की भौतिकशास्त्रज्ञ चिएन-शिउंग वू यांची ओळख बहुधा दोन वाक्यांत आटोपते: त्या चीनमध्ये जन्मल्या आणि १९५७ चे नोबेल ली आणि यांग या सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञांना मिळाले, वूंना नाही. अन्याय झाला, यात शंका नाही. पण त्यांनी नेमके केले काय, हे कोणी सांगत नाही, याचे मला अधिक वाईट वाटते. माझा जन्म अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवण्यात गेला, म्हणून हे पत्र.

निसर्ग डावे-उजवे करत नाही, म्हणजे एखादी घटना आणि तिचे आरशातले प्रतिबिंब दोन्ही निसर्गात सारख्याच घडू शकतात, हे १९५६ पर्यंत सगळ्यांनी गृहीतच धरले होते. बीटा क्षयाबाबत (किरणोत्सारी अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, ती क्रिया) हे कोणी तपासलेलेच नाही, हे ली आणि यांग यांनी दाखवून दिले. बीटा क्षयाच्या प्रयोगांत कोलंबिया विद्यापीठातल्या वूंचा हात धरणारे कोणी नव्हते. फर्मींच्या बीटा क्षयाच्या सिद्धांताशी इतरांची मोजमापे जुळत नव्हती, तेव्हा दोष सिद्धांताचा नसून किरणोत्सारी पदार्थाच्या जाड, असमान थराचा आहे, हे त्यांनीच १९४९ मध्ये पातळ, एकसारखा थर तयार करून सिद्ध केले होते.

१९३६ मध्ये चीन सोडल्यापासून त्या मायदेशी गेल्या नव्हत्या. पतीबरोबर युरोप आणि पूर्व आशियाचा दौरा ठरला होता. ली-यांग यांच्या प्रश्नाचा निकाल लावणाऱ्या प्रयोगासाठी तो त्यांनी सोडला. पती एकटेच गेले. (पुढे १९७३ मध्ये त्या चीनला जाऊ शकल्या, तेव्हा आईवडील हयात नव्हते. लिउहे गावात मुलींची शाळा काढून लेकीला शिकवणारे हेच ते वडील.)

प्रयोग झाला वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये, अर्नेस्ट अँबलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांसोबत. बीटा क्षय होणाऱ्या कोबाल्ट-६० ची अणुकेंद्रे एका दिशेने वळवायची, तर तापमान निरपेक्ष शून्याच्या (उणे २७३ अंश सेल्सिअसच्या) वर जेमतेम एक शतांश अंशापर्यंत उतरवावे लागते. त्या थंडीत गोंद धरेना, तेव्हा स्फटिक नायलॉनच्या बारीक दोऱ्याने बांधले! मग चुंबकीय क्षेत्राची दिशा उलटसुलट करून इलेक्ट्रॉन मोजले. अणुकेंद्राच्या स्पिनच्या (स्वतःभोवतीच्या फिरकीसारख्या गुणधर्माच्या) विरुद्ध दिशेला ते जास्त संख्येने बाहेर पडत होते. आरशात फिरकी उलटी दिसते, म्हणून प्रतिबिंबात हे चित्र उलटे होते; म्हणजे निसर्ग डावे-उजवे करतो! नमुना तापू लागला की काही मिनिटांत हा फरक नाहीसा होई, म्हणजे तो उपकरणाचा दोष नव्हता. निकाल असा लागणार नाही, यावर पाउलींसारखा नामवंत भौतिकशास्त्रज्ञ मोठी पैज लावायला तयार होता. १५ जानेवारी १९५७ रोजी कोलंबियाने हा निकाल जाहीर केला.

आपल्या विज्ञान पुरवणीत हा प्रयोग आकृतीसह, सविस्तर छापावा, ही विनंती. बीटा क्षयाचे समीकरण आपल्या बारावीच्या मुलामुलींना तोंडपाठ असते. हा प्रयोग समजण्याइतके भौतिकशास्त्र त्यांना नक्की येते.

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली