ऑपरेशनबद्दल, सविस्तर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

"गाठ काढून का टाकत नाहीत?" हे तू फोनवर पुन्हा विचारलंस आणि तुझा आवाज चढला. राग नाही रे मला. पण हे फोनवर धड सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

माझा कॅन्सर जठरात सुरू झाला आणि आता यकृतात पसरलाय. जठरातलं रक्त आधी यकृतातून जातं. त्याच वाटेने कॅन्सरच्या पेशी तिथे पोचल्या. यकृतातल्या गाठी हा वेगळा कॅन्सर नाही, जठराचाच आहे. आता जठर काढलं तरी पसरलेलं मागे उरतंच. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या रेगाटा चाचणीत हेच तपासलं होतं. जठर काढून मग केमो घेतलेले पेशंट नुसती केमो घेतलेल्यांपेक्षा जास्त जगले नाहीत. यकृतात एखाददुसरीच गाठ असेल आणि केमोने आजार आटोक्यात आला, तर काही मोजक्यांचं ऑपरेशन करतात. माझ्या गाठी यकृताच्या दोन्ही बाजूंना आहेत. रक्तस्राव झाला किंवा अन्नाची वाट बंद झाली, तर मात्र पुन्हा विचार करावा लागेल.

माझी हर-टू (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन) तपासणी पॉझिटिव्ह आली, म्हणून केमोबरोबर त्या प्रथिनावर नेम धरणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध चालू आहे. 2010 च्या चाचणीत नुसत्या केमोवर निम्मे पेशंट 11.1 महिन्यांहून जास्त जगले, हे औषध जोडल्यावर 13.8. आकडा लहान आहे, मला कळतं. तुझ्यापासून लपवणार नाही. पण त्यानंतर औषधं वाढली आहेत, आणि ही लागू पडेनाशी झाली तर पुढे पॅक्लिटॅक्सेल आणि रामुसिरुमॅब आहे.

त्रास होतो. केमोतलं ऑक्सॅलिप्लॅटिन चढवलं की काही दिवस फ्रिजमधली बाटली धरली तरी बोटांत झिणझिण्या येतात, गार पाण्याचा घोट घशातच अडकल्यासारखा वाटतो. पाणी कोमट करूनच पिते. दुखण्यासाठी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास कमी करण्याचं बघणाऱ्या, डॉक्टर आत्तापासूनच बघताहेत. त्याचा अर्थ उपचार सोडले असा काढू नकोस. त्यांच्यामुळे मला रात्री झोप लागते.

कुणी सांगितलेले काढे, पावडरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नकोस. यकृतावर आधीच ताण आहे.

आणि एक दिवस मी "आता केमो पुरे" म्हणाले, तर माझ्याशी भांडू नकोस. तो दिवस आज नाही.

पुढच्या सीटी स्कॅनच्या वेळी ये, प्रश्न लिहून आण. बाबांना वेगळा फोन कर. माझ्यासमोर ते काहीच बोलत नाहीत.

तुझी,
आई