एवेंच्या देव्हाऱ्यातला दत्त

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला पश्चिम आफ्रिकेवरचा प्रवासलेख वाचला. किनारा, बाजार, तळलेले मासे हे सगळे छान उतरले आहे. एवे लोकांची मात्र लेखकाने ‘वूडू करणारी घानातली जमात’ एवढ्यावर बोळवण केली. नोकरीनिमित्त त्या भागात काही वर्षे काढल्यामुळे राहवले नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

तिथल्या कोणाही म्हाताऱ्या माणसाला एवेंचा इतिहास विचारा, तो नोत्सीपासून सुरुवात करतो. हे गाव आजच्या टोगोत आहे. तिथे आगोकोली नावाचा राजा होता आणि गावाभोवती मातीचा जाडजूड कोट. राजा प्रजेला चिखल तुडवायला लावायचा आणि त्यात मुद्दाम काटे टाकायचा, असे सांगतात. लोक या छळाला विटले. मग बायकांनी धुण्याभांड्यांचे पाणी रोज कोटाच्या एकाच जागी ओतायला सुरुवात केली. पाणी मुरून मुरून भिंत तेवढ्यापुरती भुसभुशीत झाली. एका रात्री ढोलांच्या गजरात तिला भगदाड पाडून सगळे निसटले, तेही उलट्या पावलांनी. माग काढणाऱ्याला वाटावे, की माणसे गावात शिरली आहेत! यातले खरे किती, हा वाद इतिहासकारांनी घालावा. कोटाचे अवशेष नोत्सीत आहेत.

घानातल्या आन्लोगा येथे या सुटकेचा होग्बेत्सोत्सो हा सण १९६२पासून साजरा होतो, नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी. प्रमुखांचा दरबार भरतो, हुसागो नाचात पावले मागे टाकतात. पाहुण्यांचे कॅमेरे तिथेच असतात. पण खरा सण त्याच्या आधीच्या दिवसांत असतो. वर्षभर ज्यांचे एकमेकांशी पटले नाही त्यांना समोरासमोर बसवून गाऱ्हाणी ऐकतात आणि समेट घडवतात. गावे झाडून कचरा जाळतात. भावकीतले तंटे मिटल्याशिवाय फराळ नाही, अशी अट आपल्याकडे असती तर निम्मी दिवाणी न्यायालये ओस पडली असती.

आता वूडू. लेखकाला त्यात निव्वळ जादूटोणा दिसला; एवेंचा तो धर्म आहे. मावू ही सृष्टी घडवणारी देवता; तिच्या हाताखाली विजेचे, समुद्राचे, रोगराईचे देव. आफा नावाची शकुन पाहण्याची पद्धत इतकी किचकट, की ती शिकण्यात वर्षे जातात. शिवाय हा धर्म बंदिस्त नाही. मामी वाटा या जलदेवतेचे अंगावर नाग खेळवणारे चित्र प्रसिद्ध आहे. ते मुळात हॅम्बुर्गला छापलेले. १९५५ मध्ये आजच्या घानातल्या कुमासी शहरातल्या व्यापाऱ्यांनी त्याची प्रत पाठवून बारा हजार नकला छापून घेतल्या, त्या आपल्या मुंबईत, श्रीराम कॅलेंडर कंपनीकडून. हिंदू देवादिकांच्या तसबिरीही त्या किनाऱ्यावर पोचल्या. तीन शिरे, सहा हात, मागे गाय, पायाशी कुत्री हे दत्ताचे चित्र टोगो आणि बेनिनमध्ये मामी वाटाच्या देवळांत डेन्सू या तीन मस्तकांच्या जलदैवताचे म्हणून पुजले जाते. भक्तांना ते परके वाटत नाही, आणि का वाटावे? आपल्या लेखकाने एखाद्या देवळात दोन मिनिटे डोकावले असते तर औदुंबर-नरसोबावाडीच्या वाचकांसाठी त्याला केवढा मजकूर मिळाला असता!

सगळेच गोड आहे असे नाही. कुटुंबातल्या कोणाच्या अपराधाचे प्रायश्चित्त म्हणून कोवळ्या मुलीला देवस्थानाला वाहण्याची ‘ट्रोकोसी’ प्रथा याच लोकांतली. घानाने १९९८मध्ये कायदा करून तिला गुन्हा ठरवले. कायद्याने प्रथा एका दिवसात मरत नाही, हे देवदासींसाठी १९३४मध्येच कायदा करणाऱ्या मुंबई प्रांतातल्या लोकांना वेगळे सांगायला नको. लेखात टीकाच करायची होती तर ती इथे करायची.

शेवटी ‘घानातली’ या शब्दाविषयी. एवे घानाच्या आग्नेयेला, टोगोच्या दक्षिणेला आणि बेनिनमध्येही राहतात. जर्मनांची टोगोलँड वसाहत पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज आणि फ्रेंचांनी वाटून घेतली आणि एवे वस्तीच्या मधून रेघ गेली. ९ मे १९५६ रोजी इंग्रजांच्या वाट्यातल्या लोकांचा कौल घेतला गेला. एकूण ५८ टक्के मते गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, जाण्याच्या बाजूने पडली, पण ‘हो’ आणि ‘क्पांडो’ या एवेबहुल जिल्ह्यांनी विरुद्ध कौल दिला होता. एकूण बेरजेपुढे त्यांचे काही चालले नाही. आजही घानाच्या सीमेवरचे आफ्लाओचे नाके ओलांडले, की माणूस थेट टोगोची राजधानी लोमे येथे पोचतो, आणि दोन्ही बाजूंना तीच भाषा कानावर पडते.

शुद्धिपत्र छापायचे झालेच, तर सोबत या सीमेचा छोटासा नकाशा द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, सांगली